एक बरोबर एक

मी काय काम करते हे आमच्या नात्यात कुणालाच नीट माहीत नाही. "कॉम्प्युटरमधी हाय" एवढ्यावर ओळख संपते आणि लगेच कुणाचा तरी मोबाइल माझ्या हातात येतो, कारण त्याच्यावर फोटो उघडत नसतात. खरं म्हणजे मी कोल्हापुरातल्या एका लहानशा कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते. राजारामपुरीत एका बेकरीच्या वर दोन खोल्या, त्यात आम्ही चार-पाच माणसं आणि आमचे सर. सर म्हणजे मालक. कंपनीचं पहिलंवहिलं सॉफ्टवेअर त्यांनी एकट्याने लिहिलं आणि त्या पुण्याईवर ते अजून उभे आहेत. "चालतंय त्याला हात लावायचा न्हाय" हा त्यांचा एकमेव नियम. माझी निम्मी ताकद या एका वाक्याशी भांडण्यात जाते आणि उरलेली, त्यांनी पूर्वी लिहून ठेवलेलं वाचण्यात.

त्यांनी लिहिलेल्यातलंच एक सॉफ्टवेअर वधू-वर सूचक मंडळाचं. मंगळवार पेठेत एक मावशी असं मंडळ चालवतात. घराच्या पुढच्या खोलीत टेबल, कॉम्प्युटर, भिंतीवर जमवलेल्या लग्नांचे फोटो. मावशी तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ. आलेल्या प्रत्येकाला आधी पाणी, मग चहा, मग स्थळं. सॉफ्टवेअर अडलं की त्या फोनवर आमचा उद्धार करतात आणि त्याच दमात जेवलीस का म्हणून विचारतात. आमच्याकडे बायकाही "येतो, जातो" म्हणतात, हे बाहेरच्या वाचकांसाठी आधीच सांगून ठेवते, नाहीतर मावशींचं बोलणं वाचून गोंधळ व्हायचा.

त्या दिवशी मी गेले होते ते प्रिंटरसाठी. हे काम माझं नव्हे, पण आमच्या कंपनीत कोड लिहिणारा, वायर जोडणारा आणि गिऱ्हाइकाची बोलणी खाणारा माणूस एकच असतो. मी टेबलाखाली वाकून वायर शोधत होते आणि वर मावशींच्या समोर एक नवरा-बायको बसले होते, मुलासाठी मुलगी बघायला आलेले.

"कुठल्या अंगाला पाहिजे?" मावशींनी विचारलं.

"गडहिंग्लजच्या अंगाला असली तर बरं."

"थांबा, समदीच काढतो." आणि मावशी टाइप करता करता तोंडाने पुटपुटू लागल्या, "वरचं एक टिचकं... ओ... आर... एक बरोबर एक... दोन आडव्या रेघा."

माझा हात वायरवरच थांबला. आमच्या धंद्यात हे तुकडे कुणाच्या तोंडून ऐकले की माणूस सावध होतो. दुसऱ्याच्या डेटाबेसात शिरणाऱ्यांची ही पहिली बाराखडी. कुठला तरी चोर हे टाकतो, कॉलेजातली टवाळ पोरं गंमत म्हणून टाकून बघतात. पदर खोचून, चहाचं आधण ठेवून आलेल्या मावशी हे गावाच्या खान्यात टाकताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मी टेबलाखालून डोकं बाहेर काढलं. पडद्यावर मंडळातलं एकूण एक स्थळ ओळीने आलं होतं. त्यात लाल अक्षरांतलीही होती. लाल म्हणजे गुप्त. घटस्फोट झालेल्या, काही त्रासातून बाहेर पडलेल्या बायकांसाठी ही सोय मावशींनीच आमच्याकडून करून घेतली होती. गुप्त स्थळ नुसतं शोधून दिसत नाही. आधी मावशींनी मुलीला फोन करायचा, ती हो म्हणाली तरच माहिती पुढे द्यायची. मंडळाच्या पाटीवर खाली "गोपनीयतेची हमी" असं लिहिलेलं आहे ते त्याच्याच जोरावर.

आणि त्या लाल ओळींत माझी चुलत बहीण होती. फोटो, मोबाइल नंबर, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या कंपनीचं नाव, सगळं.

तिच्याबद्दल थोडं सांगायला हवं. तिचं लग्न नेसरीच्या अंगाच्या एका गावात झालं होतं. नवऱ्याचं खताचं दुकान होतं आणि तो हात उचलायचा. ती तिथून निघून आली, रीतसर घटस्फोट घेतला, पण त्या माणसाला तो काही पटला नाही. पहिल्या नोकरीच्या फाटकावर येऊन तो उभा राहायचा. तिने ती नोकरी सोडली, नंबर बदलला, आमच्या घरी राहायला आली आणि कागलला कंपनीच्या तपासणी विभागात लागली. कंपनीची बस नाक्यावर येते, त्यात बसून जाते, त्यातूनच येते. काकूच्या आग्रहाने तिने मावशींकडे नाव घातलं तेही गुप्तची खूण आहे हे मला तीनतीनदा विचारून. अलीकडे तिला अनोळखी नंबरवरून फोन येत होते. उचलला की पलीकडून कुणी बोलायचं नाही. ती घाबरली तेव्हा मी म्हटलं होतं, "कर्ज विकणारे असतील गं, मला बी येतात."

पाहुणे गेल्यावर मी मावशींना विचारलं, "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"तुमच्या सरांनीच की! मी म्हटलं, एकाच गावातलं कोण शोधतंय का? पावणं म्हणतात, त्या अंगाला बघा, ह्या अंगाला बघा. मशीन म्हणतंय, गावाचं नाव टाका. मग सर म्हणले, मावशी, असं टाका, समदी येतात, तुम्ही नजरेनं निवडा. लई झ्याक सोय हाय."

"पण त्यात गुप्त पण येतात, मावशी."

"येतात की. पण मी त्यास्नी सांगतो, लालकडं बघू नका म्हणून."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मावशींवर नाही. त्या बिचाऱ्या शिकवलेलं करत होत्या. "मी सरांशी बोलते" एवढं म्हणून मी निघाले. ती माझी बहीण आहे हे त्यांना सांगितलं नाही. गुप्त म्हणजे गुप्त, निदान मी तरी ते पाळायचं होतं.

सरांनी लिहिलेली ती क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, मराठीत सांगायचा तर असा होता: "ज्यांचं गाव अमुक आहे, आणि जे गुप्त नाहीत, त्यांची माहिती दाखव." मावशी गावाच्या खान्यात जे टाइप करतील ते सर तसंच्या तसं उचलून "अमुक"च्या जागी चिकटवायचे आणि अख्खं वाक्य डेटाबेसला वाचायला द्यायचे. यातले कुठले शब्द सरांचे आणि कुठले मावशींचे, हे डेटाबेसला कळायला काही मार्गच नव्हता. त्यामुळे मावशींचा मंत्र आत गेला की वाक्य व्हायचं, "ज्यांचं गाव कोरं आहे किंवा एक बरोबर एक आहे, त्यांची माहिती दाखव." एक बरोबर एक तर नेहमीच असतं, म्हणून सगळेच यायचे. आणि त्या दोन आडव्या रेघांचा अर्थ, यापुढचं वाचू नकोस. पुढे काय लिहिलं होतं? "आणि जे गुप्त नाहीत."

सर लॅपटॉपवर कसलं तरी बिल बघत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, ते फीचर हाय."

"सर, ही चोरवाट आहे."

"चोर कुठनं येतोय मावशींच्या घरात? आपलीच माणसं हायत."

आपलीच माणसं! या दोन शब्दांवर आमच्या इथली निम्मी सॉफ्टवेअरं उभी आहेत. आपलीच माणसं म्हणून सगळ्यांना एकच पासवर्ड, आपलीच माणसं म्हणून दार उघडं. जणू वाईट माणसं दुसऱ्या कुठल्या तरी जिल्ह्यात तयार होतात आणि टोलनाक्यावर अडवली जातात.

मी त्यांना कबनूरच्या लग्नाची गोष्ट सांगितली. ती आमच्या नात्यात प्रसिद्ध आहे. आपल्याकडे लग्नात माइकवर एक माणूस असतो. आलेल्या पाहुण्यांची नावं त्याच्याकडे चिठ्ठीवर जातात आणि तो ती वाचून स्वागत करतो. लोकांना ते लागतंच. नाव पुकारलं नाही तर वर्षभर बोलत नाहीत. कबनूरच्या त्या लग्नात मुहूर्त लांबला होता आणि मागे कुणाला तरी भूक लागली होती. त्याने चिठ्ठीवर गावाचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, "यांचे स्वागत. लग्न लागलेले आहे, सर्वांनी जेवायला चलावे." माइकवाला भरात होता. त्याने ते एका दमात वाचलं. मंगलाष्टका अजून बाकी होत्या, अंतरपाट धरलेला होता, आणि अर्धा मांडव उठून जेवणाच्या हॉलकडे पळाला. काहींनी तर जाता जाता अक्षता टाकल्या.

"चूक कुणाची, सर? चिठ्ठीवाल्याची आहेच. पण नाव वाचायच्या जागी हुकूम वाचणारा माइकवाला तुम्ही ठेवलाय."

सर पोट धरून हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "मस्त किस्सा हाय. पण त्याचा हितं काय संबंध?"

मी कपाळावर हात मारला. इलाज सोपा आहे, हे मी त्यांना परत सांगितलं. वाक्य आधी द्यायचं, त्यात गावाची जागा मोकळी सोडून. गाव मागाहून, वेगळं द्यायचं. मग त्या जागेत कुणी काहीही टाकलं तरी डेटाबेस त्याला गावाचं नावच समजतो, हुकूम समजत नाही. कबनूरच्या माइकवाल्याला नुसतं एवढंच माहीत असतं, की चिठ्ठीत जे आहे ते सगळं नाव आहे, तर त्याने पुकारलं असतं, "लग्न लागलेले आहे सर्वांनी जेवायला चलावे या गावचे पाहुणे यांचं स्वागत," आणि लोक हसून परत बसले असते. ही काही नवी विद्या नाही. हे वापरण्याची सोय प्रत्येक भाषेत आहे, आणि तसं लिहायला जास्तीच्या दोन ओळी लागतात.

"किती ठिकाणी बदलायचं?"

"शोधात, प्रिंटमध्ये, व्हॉट्सॲपवर पाठवायच्या बटणात, फोटोच्या पानावर. तुम्ही तेच वाक्य सगळीकडे कॉपी केलंय."

"मग न्हाय. एवढं उकरायचं न्हाय. मी करतो काय तरी."

त्यांनी केलं. गावाच्या खान्यात "एक बरोबर एक" आलं तर शोध थांबवायचा, अशी एक ओळ त्यांनी घातली आणि मला बोलावून दाखवली. मी म्हटलं, हे चालणार नाही. ते म्हणाले, चालतंय बघ. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला, मुद्दाम.

"पोरी, काल एक बरोबर एक घेत न्हवतं बघ."

"हो मावशी, सरांनी ते बंद केलंय."

"व्हय? मग मी दोन बरोबर दोन टाकलो. चाललं की!"

मी सरांकडे बघितलं. सरांनी बेकरीतून आणलेल्या खारीकडे बघितलं. त्यानंतर त्यांनी दुसरी युक्ती काढली: ते वरचं टिचकं, म्हणजे एकेरी अवतरणचिन्ह, कुणी टाकलं तर ते गुपचूप पुसून टाकायचं. त्या चिन्हाने वाक्यातली गावाची जागा बंद होते आणि पुढचं सगळं हुकूम ठरतं, एवढं त्यांना समजलं होतं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि वयाच्या खान्यात तीसपुढे टिचकं वगळून तोच मंत्र टाकला. आकड्याला अवतरणचिन्ह लागतच नाही. सगळी स्थळं आली, लाल धरून.

"वयाच्या खान्यात कोण कशाला लिहितंय असलं?" सर म्हणाले.

मी हात टेकले. माझ्या आवाजाला धार आली की ऑफिसातली बाकीची माणसं खाली चहाला जातात. तशी ती गेली.

पण खरी पळापळ सुरू झाली ती गुरुवारी. मावशींचा परत फोन, यावेळी खुशीत. "रविवारी नीट चालू ठेव गं मशीन. नेसरीच्या अंगाचं पावणं येणार हायत. भाच्यासाठी दुसरेपणाचं बघालेत. खताचं दुकान हाय म्हणं. पहिली नांदली न्हाय."

गावाचं नाव मी विचारलं, तेच निघालं. खताचं दुकान तेच. येणारा पाहुणा म्हणजे बहिणीच्या पहिल्या नवऱ्याचा मामा. लग्नात याच मामाने मानापानावरून आमच्या काकाला सगळ्यांसमोर झापलं होतं, तोंड मी विसरणं शक्य नव्हतं. आता तो मावशींच्या टेबलासमोर बसणार, मावशी त्याला पाणी देणार, "थांबा, समदीच काढतो" म्हणणार, आणि लाल ओळीत त्याला माझ्या बहिणीचा नवा नंबर आणि कंपनी दिसणार.

मी म्हटलं, "मावशी, एक गुप्त स्थळ काढून टाकायचं आहे. मुलीनं सांगितलंय." हे खोटं होतं, पण माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मावशींनी लगेच काढलं. मग मी ऑफिसातून तपासलं आणि मला रडू यायचं बाकी राहिलं. सरांच्या सॉफ्टवेअरमध्ये काढून टाकलेलं काही जात नाही. त्याच्यावर नुसती "काढलेलं" अशी खूण पडते, आणि क्वेरीत "जे काढलेलं नाही" अशी आणखी एक अट असते. कुठे असते? शेवटी. दोन आडव्या रेघांच्या पुढे.

डेटाबेसमध्ये हात घालून ती एक ओळ मी स्वतः पुसली असती. पण त्या ओळीला फोटो, निरोप, भेटीच्या नोंदी अशा दहा गोष्टी बांधलेल्या, आणि सर म्हणाले गिऱ्हाइकाच्या माहितीला त्याच्या सांगण्याशिवाय हात लावायचा नाही. आयुष्यात एकदा ते बरोबर बोलले तेही नको त्या वेळी. शिवाय तिची ओळ पुसून बाकीच्या लाल बायकांचं काय? त्यांनाही कुणी तरी मामा असणारच.

तेव्हा मात्र मी सरांना विचारलं नाही, सांगितलं. "मी हे सगळं बदलणार आहे. तुम्हाला नको असेल तर सोमवारी मी येत नाही." मग कारणही सांगितलं, बहिणीचं. सरांनी लॅपटॉप मिटला. म्हणाले, "आधी बोलायचं न्हाय व्हय? कर." जणू अनोळखी बायकांचे नंबर उघडे पडले असते तर काही हरकत नव्हती. मला त्यांचा इतका राग आला की आभार मानायचंही सुचलं नाही.

शुक्रवार आणि शनिवार मी त्यात घातले. जिथे जिथे वाक्य चिकटवलेलं होतं तिथे तिथे मोकळ्या जागा सोडल्या, गाव वेगळं, वय वेगळं, शिक्षण वेगळं पाठवलं. वय म्हणून आकडाच आला पाहिजे, नाहीतर आत घेऊ नकोस. एके ठिकाणी मोकळी जागा चालत नाही, जिथे स्थळांचा क्रम कशावरून लावायचा ते ठरतं. तिथे वय, उंची, शिक्षण एवढेच शब्द मान्य ठेवले, चौथा काही आला तर बाहेर. सॉफ्टवेअर डेटाबेसात शिरायचं ते मालकाची किल्ली घेऊन. मावशींनी चुकून दुसरा एखादा मंत्र टाकला असता तर अख्खं मंडळ पुसलं गेलं असतं. ती किल्लीही काढून घेतली, कामापुरती दिली. आणि मावशींना हवं होतं ते खरं फीचरही केलं: गावाच्या शेजारी "कुठल्या अंगाला" असा खाना, त्यात तालुके. हे करायला मला अर्धा दिवस लागला. हा अर्धा दिवस सरांना तेव्हा काढता आला नव्हता, म्हणून हे सगळं रामायण.

रविवारी सकाळी मी मंगळवार पेठेत जाऊन नवीन सॉफ्टवेअर चढवलं आणि मावशींना "अंगाला" दाखवणार, तेवढ्यात पाहुणे आलेच. मामा आणि त्यांच्याबरोबर एक म्हातारे गृहस्थ. मामांनी माझ्याकडे बघितलं, पण ओळखलं नाही. करवल्यांची तोंडं कोण लक्षात ठेवतं? मी प्रिंटरजवळ स्टूल ओढून बसले.

पाणी झालं. मावशींनी सवयीने गावाच्या खान्यात मंत्र टाकला. पडद्यावर आलं, "या गावातील एकही स्थळ सापडले नाही." त्यांनी दोन बरोबर दोन टाकलं. तेच. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी त्यांच्या घरातला गॅस पळवला होता.

"बंद पाडलीस व्हय गं?"

"मावशी, आता तिथं गावच टाकायचं. नाहीतर हे बघा, अंगाला..."

"ऱ्हाऊ दे तुझं." त्या पाहुण्यांकडे वळल्या. "मशीन ऱ्हाऊ द्या पावणं, मला समदी तोंडपाठ हायत की." आणि त्यांनी बोटांवर मोजत सुरू केलं. "दुसरेपणाचं न्हवं? एक हाय बघा, बी. कॉम. झालीया, रंगानं गव्हाळ, कागलला कंपनीत..."

मी उठून उभी राहिले. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. किंचाळायचं की चहा सांडायचा, एवढंच डोक्यात होतं. गुरुवारी मशीनमधून काढलेलं स्थळ मावशींच्या तोंडपाठ यादीतून गेलंच नव्हतं; दोन दिवस खपून मी यंत्राचं तोंड बंद केलं होतं आणि समोर हे दुसरं उघडं होतं.

पण मामांनीच हात हलवला. "ती नगं. ती मागल्या खेपेलाच बघितली की तुमच्या मशीनवर. ती आमच्याच घरातनं गेल्याली हाय." मग म्हाताऱ्या गृहस्थांकडे बघून ते हसले. "नंबर दिला भाच्याला. म्हटलं बघ, कुठं हाय तुझी बायकू."

मावशींचं मोजणारं बोट तसंच दुमडलेलं राहिलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मी अजून उभीच होते आणि रडत होते, आणि मला वाटतं तिथेच त्यांना सगळं कळलं. त्या आत गेल्या, दोन कप चहा घेऊन आल्या, पाहुण्यांसमोर ठेवले आणि म्हणाल्या, "च्या प्या आणि निघा. तुमच्याजोगं आमच्याकडं काय न्हाय. परत यायचं बी न्हाय."

ते गेल्यावर मावशी खुर्चीत बसून राहिल्या. "मी त्यास्नी सांगिटलं हुतं, लालकडं बघू नका म्हणून," त्या परत परत म्हणत होत्या. मी त्यांच्यावर ओरडायला हवं होतं, पण ओरडायला माझ्यात काही उरलं नव्हतं. रोज इतके पाहुणे येतात, त्यात हे मामा मागच्या खेपेला कधी येऊन गेले ते त्यांना आठवेना. कोण कधी काय बघून गेलं याची नोंद सॉफ्टवेअर ठेवत नव्हतं. सरांना ती ठेवायची गरज वाटली नव्हती, आपलीच माणसं म्हणून.

घरी बहीण गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी सगळं सांगितलं, आधी काय होतं, आता काय केलं, आता तो मंत्र कसा चालत नाही. मोकळ्या जागेचंही सांगितलं. का ते मला माहीत नाही. बहुधा पुढचं सांगायचं लांबवत होते. मग मामांचं सांगितलं.

तिने हातातल्या कपड्याला दोन्ही बाजूंनी चिमटे लावले. मग म्हणाली, "म्हणजे ते फोन कर्जवाल्यांचं न्हवतं."

"न्हाय."

"आता बंद झालंय न्हवं?"

"व्हय. आता कुणालाच दिसत न्हाय."

"मग नंबर बदलतो," ती म्हणाली, आणि बँक, गॅस, आधार, बसचा ड्रायव्हर, कुणाकुणाला नवा नंबर द्यायचा ते मोजू लागली. सरांनी कोड लिहिला, मावशींनी मंत्र टाकला, मामांनी नंबर नेला, आणि नंबर बदलायचा तिने. मला इतकी चीड आली की हातातला चिमटा मोडला.

शेवटचा कपडा झटकताना ती थांबली. "आणि कंपनी?" तिने विचारलं. "ती कशी बदलायची?"

तेव्हापासून सकाळी मी तिच्याबरोबर नाक्यापर्यंत जाते. कंपनीची बस येईपर्यंत ती थांबलेल्या प्रत्येक मोटारसायकलकडे बघते आणि मीही बघते. ती चढली, बस हलली, की मग मी ऑफिसला निघते. सर घड्याळाकडे बघून विचारतात, रोज उशीर कशाने होतो. एकदा सांगून झालं आहे. परत सांगायचं माझ्या जिवावर येतं.